नोंद घेण्यासारखे काही नाही

आडनाव नीट लिहून शोधलं तर काहीच येत नव्हतं.
तीन रात्री.
मग झोपेत बोट घसरलं, 'टिपनेस' असं पडलं,
आणि कॉव्हेन्ट्रीतल्या माझ्या स्वयंपाकघरात
बाबा आले. चौतीस पानं.
वर 'गुप्त' असा शिक्का, त्यावर आडवी रेघ,
बाजूला नवा शिक्का: खुले.

आम्ही टिपणीस. कुठल्याशा दरबारात
टिपणं काढायची, ही आमच्या घराण्याची चाकरी.
इथे फाउंड्रीच्या भट्टीपुढे उभ्या टिपणिसाचं
टिपण दुसराच कोणी काढत होता,
आमच्याच टेबलावर कोपर टेकून.

चौदा जानेवारी अडुसष्ट, रविवार.
सभेला एकोणीस जण. टिपनेस बोलला.
पगाराबद्दल, आणि संडासाची किल्ली
फोरमनकडे मागावी लागते त्याबद्दल.
'आवाज चढवत नाही. मधेच विनोद करतो
आणि लोकांच्या आधी स्वतःच हसतो.'

हे मला ठाऊक नव्हतं.
माझ्याकडचे बाबा नुसते खोकतात,
एका फोटोत तर तोंडावर रुमालच आहे.

'नंतर जेवण. यजमानाची पत्नी कडवट उसळ वाढते,
दाणा न दाणा सोललेला.
नोंद घेण्यासारखे काही नाही.'
समासात कुणा साहेबाची पेन्सिल:
मग घेतली कशाला?

वालाचं बिरडं, साहेब.
आगबोटीनं आलेले वाल,
भिजवून, मोड काढून, ऊन पाण्यात टाकून
आई पहाटे सोलत बसायची,
बाबांची रात्रपाळी सुटेपर्यंत.

ज्यानं लिहिलं त्याच्या नावावर काळी पट्टी.
मी अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढले,
काळ्यातून हाड शोधायचं एवढंच मला येतं.
स्क्रीनचा उजेड वाढवला, कमी केला.
पट्टी ती पट्टीच.
शेवटी मुलाची जुनी फूटपट्टी लावली:
सहा अक्षरं, फार तर सात.
मग लक्षात आलं, मी इंग्रजी अक्षरं मोजतेय.
मराठीत ते नाव दोन अक्षरांत संपायचं.

पान बावीस.
'मुलगी, अंदाजे पाच वर्षांची,
पाहुण्याचे बूट घालून जिना चढते-उतरते.'

ते बूट मला आठवतात.
आतून ऊबदार,
डाव्यात वर्तमानपत्राची घडी, खाली तळाला भोक.
त्यानंच मला सायकल शिकवली.
कॅनलीच्या स्मशानात त्याच्या पेटीवर
मी पिवळी फुलं ठेवली होती, ऐपतीपेक्षा महाग.

ते नाव मी इथे लिहीत नाही.
सरकारची पट्टी आहे, तिच्यावर माझीही एक.

आई ब्याण्णव वर्षांची, अर्ल्सडनच्या वृद्धाश्रमात.
पानं छापून नेली, मोठ्या टायपात.
तिनं चष्मा लावलाच नाही.
"तो होय," म्हणाली. "मला वाटायचंच.
बिरडं परत मागायचा, पण मागताना वर बघायचा नाही."
आणि तू वाढायचीस?
"सोललेलं होतं ना."

घरी येऊन पुन्हा वाचलं.
राग यावा म्हणून वाचलं, खरं तर.
पण पान पंधरावर बाबा शिट्टी वाजवत पायऱ्या उतरतात,
पान अठरावर बससाठी धावतात आणि बस चुकते,
आणि त्या माणसाखेरीज
हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.
मीसुद्धा नाही. टिपणिसाची मुलगी.

एक राहिलंच.
चौतीस पानांत बाबा चार वेळा विनोद करतात.
विनोद काय होता, ते एकदाही नाही.
पान एकतीस राखून ठेवलंय,
दोन हजार त्रेपन्न सालापर्यंत.

बोटांवर मोजलं. मी नव्वदीची असेन.
बिरडं नीट खाल्लं तर
जमेल.